डाव्या बाजूची नळी

प्रमिलाताई गेल्याची बातमी मला बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजारात कळली, आणि मी ती खरी मानली नाही. आमचे हे एका म्हशीचे दात बघत होते, मी लिंबाच्या सावलीला उभी होते. तेवढ्यात ओळखीचा एक व्यापारी मोटारसायकल लावता लावता म्हणाला, "वहिनी, तुमची ती जनावरांची म्याडम वारली म्हनं, मागल्या आठवड्यात." हा माणूस तीन वेतं झालेली गाय पहिलारू म्हणून खपवणारा. त्याच्या तोंडचं काय धरायचं? शिवाय आमच्या भागात प्रमिलाताईंविषयी आजवर जे जे बोललं गेलं, त्यातलं बरंचसं खोटं होतं, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल. मी तशीच चालत बेल्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. त्यांच्या क्वार्टरला कुलूप होतं. तिथल्या शिपायानं मान खाली घातली आणि एका कागदावर त्यांच्या भाच्याचा नंबर लिहून दिला. फोनवर तो मुलगा संकोचत म्हणाला, "हो, आत्या गेली. किडन्या गेल्या होत्या. तुम्ही कोण, मला माहीत नाही, म्हणून कळवायचं राहिलं…" मी कोण, हे मलाही पटकन सांगता आलं नाही.

त्याला आता पाच आठवडे झाले. मी लिहायला बसले आहे ती त्यांचे गुण गायला नव्हे. मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती आधीच सांगितली तर पुढचं कुणी वाचणार नाही, म्हणून जसं घडलं तसं सांगते.

डॉ. प्रमिला शेंडगे आमच्याकडे आल्या नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांनी. निरगुडसरच्या अलीकडे आमची वस्ती, आणि तिथून पायी अर्ध्या तासावर जनावरांचा दवाखाना. मी माहेरची जुन्नरची, लग्न होऊन वस्तीवर आलेली आणि बालवाडी चालवणारी. नवीन डॉक्टर बाई आहेत हे कळल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन बायका तान्ही पोरं घेऊन दवाखान्यात जाऊन बसल्या होत्या, एवढी बाई-डॉक्टर ही गोष्ट आमच्यासाठी निराळी होती. प्रमिलाताई जत भागातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. वय पस्तिशीचं, लग्न नाही, दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. बाई गाईच्या मागं उभी राहून खांद्यापर्यंत हात आत घालते, हे बघायला सुरुवातीला माणसं जमायची. काही दिवसांनी गर्दी हटली, कुजबुज राहिली. दर रविवारी त्या मंचरला मटणाच्या दुकानांत जायच्या आणि शेळ्या-मेंढ्यांच्या पिशव्या, म्हणजे गर्भाशयं, स्टीलच्या डब्यात घालून एसटीनं आणायच्या. सोमवारी त्यांच्या उजव्या हाताची बोटं निळी दिसायची. डबा एकदा कंडक्टरनं उघडून बघितला आणि मग सगळ्या गावाला कळलं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "एकटी बाई, ना पोर ना बाळ, आन दर ऐतवारी शेरडाच्या पिशव्या घरात नेती. हे काय चांगलं लक्षान न्हाई." मी बारावी शिकलेली, करणीबिरणीवर विश्वास नसलेली. पण रविवारी संध्याकाळी त्या रस्त्यानं यायचं झालं तर मी पदर घट्ट ओढून घ्यायची, हेही खरं.

आमची एक संकरित गाय होती, चंद्री. प्रमिलाताईंनी ती तीनदा भरवली, म्हणजे वळूचं बीज आत सोडलं, आणि तीनदा ती उलटली, म्हणजे एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली. चौथ्या वेळी हे तिला सकाळीच दवाखान्यात घेऊन गेले, तर प्रमिलाताईंनी सांगितलं, आत्ता नको, संध्याकाळी आणा. हे घरी आले ते चिडूनच. सकाळी गाय समोर उभी असताना संध्याकाळी आणा म्हणते, म्हणजे हिच्याकडे माल नाही, नाहीतर कळत नाही, नाहीतर दुसऱ्या कुणाचं आधी करायचंय. आम्हां दोघांनाही त्यात काळंबेरं दिसलं. तरी संध्याकाळी नेली. आणि चंद्री गाभण राहिली! पण संशय एवढ्यानं जात नसतो. आता आम्हांला वाटू लागलं, आधीच्या तीन वेळा मुद्दामच नीट भरवली नसेल.

एका दुपारी वासराचं जंताचं औषध न्यायचं निमित्त करून मी दवाखान्यात गेले. पुढं कुणी नव्हतं. मी मागच्या खोलीच्या खिडकीशी गेले. मला बघायचं होतं, ही बाई त्या पिशव्यांचं करते तरी काय. आत टेबलावर पांढरा ट्रे होता, ट्रेमध्ये पाण्यात काहीतरी गुलाबी पसरलेलं, आणि प्रमिलाताई बोथट सुईच्या सिरिंजनं त्यात निळी शाई सोडत होत्या. वर न बघताच त्या म्हणाल्या, "खिडकीतून अर्धंच दिसतं. आत ये."

मी गेले. शेळीचं गर्भाशय मी पहिल्यांदाच बघत होते. मेंढ्याची शिंगं वळतात तशी त्याची दोन टोकं दोन बाजूंना वळलेली, आणि प्रत्येक टोकापासून निघालेली सुतळीपेक्षा बारीक, नागमोडी नळी. त्यांनी चिमट्यानं ती नळी अलगद उचलली. म्हणाल्या, "ही गर्भनलिका. गाईच्या आत हात घातला की पिशवी लागते, बीजांडही लागतं. ही मात्र बोटांना कळत नाही. गाय वेळेवर माजावर येते, सगळं ठीक दिसतं, तरी उलटते. मग डॉक्टरवर संशय, सिमेनवर संशय… आणि कधीकधी दोष असतो या दोऱ्यात." त्या शाई सोडत होत्या ती नळी मोकळी आहे की बंद, हे बघायला. एका बाजूनं निळा रंग सरळ पुढं गेला आणि टोकाच्या झालरीतून पाण्यात उतरला. दुसऱ्या बाजूनं तो मध्येच थांबला, नळी तिथं फुगली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मी दहावीत असताना हा धडा आमच्या बाईंनी "घरी वाचा" म्हणून सोडून दिला होता. प्रमिलाताईंनी तो त्या दुपारी मला शिकवला. नळीचं बीजांडाकडचं तोंड झालरीच्या टोपीसारखं असतं, सुटलेलं बीज ती झालर गोळा करून आत घेते. आत भिंतीला घड्याच घड्या, आणि त्यांवर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस, पिकावरून वारा जावा तसे गर्भाशयाच्या दिशेनं हलणारे. पुढचा भाग रुंद, तिथं बीज आणि नराचा जंतू एकत्र येतात. मागचा भाग अरुंद, तिथं नराचे जंतू येऊन थांबतात, वाट बघतात. गाईचं बीज माज संपून गेल्यावर दहा-बारा तासांनी सुटतं आणि फार थोडा वेळ टिकतं. म्हणून सकाळी माज दिसला तर भरवायची संध्याकाळी. "तुझ्या नवऱ्याला वाटलं मी टाळतेय," त्या सहज म्हणाल्या. गर्भ धरल्यावरही तो लगेच पिशवीत उतरत नाही, तीन-चार दिवस नळीतच राहतो, तिथल्या स्रावावर जगतो, आणि मग खाली येतो. म्हणजे आपण सगळे आयुष्यातले पहिले दिवस त्या दोऱ्यात काढलेले. मला हे इतकं विलक्षण वाटलं की औषध न घेताच घरी आले.

माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. प्रमिलाताईंनी ते कधी विचारलं नाही. त्यामुळेच असेल, मी जात राहिले. त्या चहा करायच्या, आईच्या मेंढरांच्या गोष्टी सांगायच्या, मी बालवाडीतल्या पोरांच्या. एके दिवशी मीच विचारलं, बायकांचं पण असंच असतं का. त्या म्हणाल्या, पुष्कळसं असंच. मग म्हणाल्या, "एक फरक आहे. गाईचा, शेळीचा, मेंढीचा गर्भ नळीत अडकून तिथंच वाढल्याचं माझ्या बघण्यात नाही. पुस्तकांतही जवळजवळ नाही. बाईचा मात्र अडकतो. नळीला सूज येऊन गेलेली असेल तर वाट अरुंद होते, गर्भ मध्येच रुजतो. आणि नळी पिशवीसारखी ताणत नाही." मी विचारलं, मग काय होतं? "फुटते," त्या म्हणाल्या, आणि कपबशा विसळायला उठल्या.

पुढच्या वर्षी माझी पाळी दोन आठवडे चुकली. मी कुणाला सांगितलं नाही, इतक्या वेळा आशा करून तोंडघशी पडले होते. मग थोडं डागासारखं दिसलं. सासूबाई म्हणाल्या, पाळीच आली असंल, उशिरानं. डाव्या बाजूला ओटीपोटात दुखत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी चुलीपासून सरकून भिंतीला टेकले. योगायोग असा की त्याच सकाळी प्रमिलाताई आमच्या गोठ्यात व्यालेल्या म्हशीची वार काढायला आल्या होत्या. हात धुवायला पाणी मागायला दारात आल्या आणि मला बघून तिथंच थबकल्या. ओला हात साडीला पुसून त्या सरळ आत आल्या, बसल्या, माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली, शेरडाची बघतात तशी. खांदा दुखतोय का, विचारलं. मी हो म्हणाले. खांद्याचा काय संबंध, हे मलाही कळलं नव्हतं. पाळी कधी चुकली, विचारलं. मी सांगितलं, आणि सासूबाई चमकून माझ्याकडे बघू लागल्या.

प्रमिलाताई म्हणाल्या, हिला आत्ताच्या आत्ता मंचरला न्यायला हवं, पोटात रक्त जातंय. सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या. "म्याडम, तुमी जनावराच्या. मानसाला हात नका लावू. पोरगी दोन दिस पडून ऱ्हाईल, व्हईल बरी." हे दारात उभे होते. त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं की त्यांना त्या बाईचं खरं वाटत नाहीये. प्रमिलाताई आवाज न चढवता त्यांना म्हणाल्या, "मला काही कळत नाही असंच धरा. पण न्या. मी चुकले तर उद्यापासून तुमच्या गोठ्यात पाय ठेवणार नाही. आणि तुम्ही चुकलात तर संध्याकाळपर्यंत ही राहणार नाही." हे एकदम वळले. दारात उभ्या दुधाच्या टेम्पोतले कॅन त्यांनी अंगणात उतरवले, दूध सांडलं तिकडं बघितलंही नाही, आणि मला गोधडीवर घातलं. प्रमिलाताई मागं बसल्या, माझे पाय स्वतःच्या मांडीवर उंच धरून. पुढचं मला धूसर आठवतं. खड्डे, उसाची शेतं, आणि त्या मोजत असलेली माझी नाडी…

मंचरच्या एका खाजगी दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं. डाव्या बाजूची नळी फुटली होती, ती काढावी लागली. शुद्धीवर आले तेव्हा दुपार उलटली होती. हे कॉटशेजारी बसले होते आणि रडून डोळे सुजलेले होते. पण बोलले ते वेगळंच. काढलेली नळी बाटलीत घालून प्रमिला मॅडम घेऊन गेल्या, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी स्वतः बघितलं होतं. मॅडमनी बाटली उजेडाकडे धरली, निरखून बघितली, पिशवीत ठेवली आणि पुण्याच्या गाडीत बसल्या. तपासणीसाठी ती पुण्याच्या लॅबमध्ये पोचवायची होती, डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. पोचवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्या तयार झाल्या. हे यांनाही सांगितलेलं होतं. तरी त्यांच्या मनात उरलं एवढंच, की ती बाई बाटली उजेडाकडे धरून बघत होती.

मी घरी येईपर्यंत गोष्ट वस्तीभर झाली होती. शेरडाच्या पिशव्या गोळा करणारी बाई आता माणसाची नळी घेऊन गेली. कुणी म्हणालं, ऑपरेशनची गरजच नव्हती, तिनंच डॉक्टरला सांगून काढायला लावली. सासूबाईंना तर ते अगदी पटलं: सुनेला दिवस गेले होते, आणि त्या बाईनं ते पाडलं. मला कुणी विचारलं तर मी गप्प राहायची. मला सगळं माहीत होतं. नळी कशी असते, गर्भ कसा अडकतो, पोटात रक्त साठलं की खांदा का दुखतो, हे सगळं नंतर डॉक्टरांनीही समजावलं होतं. आणि तरीही… अंथरुणावर पडल्या पडल्या मी ते बारकाईनं उलगडून बघायची. त्या नेमक्या त्याच सकाळी कशा आल्या? खांद्याचं त्यांना आधीच कसं माहीत? मला फुटण्याची गोष्ट त्यांनीच वर्षभर आधी का सांगितली होती? तपासणीचा कागद तीन आठवडे झाले तरी का येत नाही? माझ्या अंगातला तुकडा त्या टेबलावरच्या ट्रेमध्ये निळ्या शाईत पडलाय, असं मला दिसू लागलं. प्रमिलाताई दोनदा भेटायला आल्या. पहिल्यांदा मी झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्यांदा सासूबाईंनी दारातूनच परत पाठवलं आणि मी आतून ऐकत राहिले.

महिन्याभरानं गावातल्या लोकांनी वर अर्ज करायचा ठरवला. मॅडम कामाच्या वेळी गाय परत पाठवतात, अघोरी वस्तू बाळगतात, माणसांच्या उपचारात ढवळाढवळ करतात, आणि एका स्त्रीच्या शरीराचा भाग तपासणीच्या नावाखाली घेऊन गेल्या, असं त्यात लिहिलं होतं. हे तो कागद घेऊन घरी आले. म्हणाले, ज्या बाईबरोबर झालं तिची सही असल्याशिवाय अर्जाला वजन नाही. मी अर्ज वाचला. सगळा, दोनदा. गाय परत पाठवण्याचं कारण मला माहीत होतं. ट्रेमध्ये काय असतं, मला माहीत होतं. मी सही केली, ठळक, पूर्ण नावाची.

दोन महिन्यांत त्यांची बदली झाली. सामानाची जीप आमच्या दारावरून गेली तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. जीप हळू झाल्याचं मला आवाजावरून कळलं. मी मान वर केली नाही.

त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. या वेळी मी भीतीनं जुन्नरला, माहेरी राहिले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, गर्भ पिशवीत आहे म्हणाल्या, आणि आधीच्या ऑपरेशनचे कागद मागितले. मी निरगुडसरला येऊन कपाट उपसलं. दवाखान्याचं कार्ड सापडेना, म्हणून शेताच्या कागदांची फाइल उघडली. तिच्यात सातबाऱ्यांच्या मध्ये एक लांबट पाकीट होतं, पुण्याच्या लॅबचं, आमच्या पत्त्यावर आलेलं, फोडलेलं. आत इंग्रजीत टाइप केलेला एक कागद होता. नमुना कुणी आणून दिला, त्यापुढं प्रमिलाताईंचं नाव होतं, आणि तारीख होती माझ्या ऑपरेशनचीच. म्हणजे त्या बाटली घेऊन कुठंही न थांबता थेट लॅबमध्ये गेल्या होत्या. जुन्नरच्या डॉक्टरांनी तो वाचून दाखवला: डाव्या गर्भनलिकेचा तुकडा, फुटलेला, आत गर्भाचे अंश, भिंतीत जुन्या सुजेच्या खुणा. त्या म्हणाल्या, आणखी तासभर उशीर झाला असता तर तुम्ही इथं बसलेल्या नसता.

पाकीट कधी आलं होतं, हे मी यांना विचारलं. हे बराच वेळ गोठ्याच्या दाराची कडी खालीवर करत राहिले. अर्ज गेल्यानंतर आठ दिवसांनी आलं होतं. मंचरला एकाकडून त्यांनी ते वाचूनही घेतलं होतं. "तवा तुला दिलं असतं तर काय झालं असतं?" ते म्हणाले. "अर्ज तर गेला व्हता. गावापुढं काय तोंड दाखवायचं व्हतं मला?" याच माणसानं माझ्यासाठी दुधाचे कॅन अंगणात फेकले होते. मी त्यांना पुढं काही म्हणाले नाही, कारण बोलायला लागले असते तर माझ्या सहीपाशी येऊन थांबावं लागलं असतं. पण तेव्हापासून आमच्या घरात येणारं प्रत्येक पाकीट मी स्वतः फोडते. त्यांना ते कळतं आणि ते काही म्हणत नाहीत.

मुलगी सात महिन्यांची झाल्यावर मी तिला घेऊन बेल्ह्याला गेले. प्रमिलाताई तिथल्या दवाखान्यात आहेत, असं बाजारात जाणाऱ्यांकडून कळलं होतं. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात एका बैलाचा खूर बघत होत्या. केस पांढरे झाले होते. मला बघून उभ्या राहिल्या नाहीत, काम पूर्ण केलं, हात धुतले आणि मग समोर आल्या. मी पाकीट पुढं केलं. त्यांनी ते उघडलं नाही.

"माझ्याकडे नक्कल आहे," त्या म्हणाल्या. "चौकशीला साहेब आले तेव्हा दाखवली होती. ते म्हणाले, कागद बरोबर आहे, पण गावाचा विश्वास उडालाय, त्याचं काय करायचं."

मी विचारलं, मला का नाही दाखवली?

"अर्जावर तुझी सही बघितली. मग वाटलं, हिला कागद नकोय. सही करताना वाचला होतास ना अर्ज?"

"वाचला होता."

"मग ठीक आहे. न वाचता केली असतीस तर मला जास्त लागलं असतं. तुला मी वाचायला शिकवलं असं मला वाटायचं."

मी रडायला लागले. त्यांनी माझी समजूत काढली नाही. चहा मात्र केला. मग मुलीला मांडीवर घेऊन त्यांनी जे विचारलं, ते मी अपेक्षिलं नव्हतं. गर्भ राहिला त्या महिन्यात बीज कुठल्या बाजूच्या बीजांडातून सुटलं होतं, सोनोग्राफीत दिसलं होतं का? मी आठवून सांगितलं, डॉक्टर डावी बाजू म्हणाल्या होत्या. प्रमिलाताईंचा चेहरा एकदम बदलला. डाव्या बाजूला तर नळीच नव्हती. म्हणजे उजव्या नळीची झालर पोटातून पलीकडे पोचली होती आणि तिनं डावीकडचं बीज उचलून आणलं होतं. बायकांत असं होतं हे त्यांनी वाचलं होतं, आणि आता ते समोर दुपट्यात गुंडाळलेलं होतं. त्या तिच्या मुठी उघडून बघत राहिल्या. त्या दुपारी आमच्यात जे काही परत जुळलं, ते एवढंच. माझी माफी त्यांनी घेतली की नाही, मला आजही सांगता येत नाही. मी वर्षातून दोनदा-तीनदा जायची, मुलीला न्यायची. त्या आमच्या वस्तीवर परत कधी आल्या नाहीत. मी बोलावलं तेव्हा म्हणाल्या, नको, तिथं मला माझीच शंका येईल.

मागच्या आठवड्यात त्यांच्या भाच्यानं फोन केला. क्वार्टर रिकामं करायचंय, तुम्ही ओळखीच्या आहात असं शिपाई म्हणाला, येता का? मी गेले. तो पंचविशीतला, सांगलीला बँकेत असलेला मुलगा. भांडी, कपडे, सायकल, सगळं बाहेर काढून झालं होतं, टेम्पो दारात उभा होता. एका कोपऱ्यात लाकडाच्या सात पेट्या होत्या, आणि त्यांच्यापाशी तो जरा बिचकून उभा होता. आत खाचांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचेच्या पट्ट्या होत्या, शेकड्यांनी. प्रत्येक पट्टीवर गुलाबी-जांभळा ठिपका आणि टोकाला चिकटवलेल्या कागदावर त्यांचं बारीक अक्षर. घरचे म्हणतात टाकून दे, कशाकशाचं असेल काय माहीत, तो म्हणाला. आत्या काय करायची ते आम्हांला कुणालाच कळलं नाही. लोक नाना बोलायचे.

मी खाली बसले आणि एकेक पट्टी काढून वाचू लागले. शेळी, उजवी, रुंद भाग. मेंढी, डावी, अरुंद भाग. म्हैस, झालर. मी पहिली पेटी संपवली, दुसरी घेतली. तो चहा घेऊन आला, चहा गार झाला. चौथ्या पेटीला माझ्या लक्षात आलं, मी काय करते आहे. लॅबचा कागद मी पाठ केलेला आहे. बाटली कुठं गेली, मला ठाऊक आहे. माझी मुलगी सात वर्षांची आहे, आणि तिचा जन्म त्या बाईनं त्या सकाळी माझी पापणी ओढून बघितली म्हणून झाला. आणि तरी मी डावी नळी, मनुष्य, असं लिहिलेली एक पट्टी शोधत होते. लक्षात आल्यावर मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. पाचवी, सहावी, सातवी, सगळ्या बघितल्या, शेवटच्या खाचेपर्यंत.

"काय शोधताय?" भाच्यानं विचारलं.

"माझंच काहीतरी," मी म्हणाले. "इथं नाहीये."

त्यानं मान डोलावली, पेटी उचलायला वाकला, आणि मग न उचलता विचारलं, पण हे आहे तरी काय. मी एक पट्टी काढली. शेळी, उजवी. खिडकीपाशी नेऊन उजेडाकडे धरली आणि त्याला जवळ बोलावलं. काचेवरच्या ठिपक्यात घड्याच घड्या होत्या, चुण्या घातलेल्या लुगड्यासारख्या. मी सांगू लागले, ही नळी आहे, आडवी कापलेली, तुझ्या आत्यानं कापलेली. आपण सगळे पहिले तीन-चार दिवस हिच्यातच असतो. तो काचेला नाक लावून बघत होता. मग त्यानं तसंच बघत बघत दाराकडे हात केला आणि टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं.